लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकता येत नाही म्हणे!

नागपुरात आमच्या धरमपेठेतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय, की लिनक्सच्या (विंडोजसारखीच, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम) नेटबुकवर, म्हणजे छोट्या लॅपटॉपवर, नवीन सॉफ्टवेअर टाकताच येत नाही. तसं काही नाही. विंडोजच्या सवयीने आपण ‘सेटअप डॉट ईएक्सई’ उतरवतो, त्यावर दोनदा क्लिक करतो. चालणार कशी? ती फाइल विंडोजची. (बर्डीवरून आणलेल्या जुन्या नेटबुकवर मीही तासभर हेच केलं.) उबुंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) सॉफ्टवेअरचं दुकान आतच असतं: नाव शोधा, ‘इन्स्टॉल’ दाबा, मागितला तर पासवर्ड द्या. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘सुडो एप्ट इन्स्टॉल व्हीएलसी’ (sudo apt install vlc) ही एक ओळही व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाकायला पुरते. तिथे पासवर्ड टाकताना बहुधा ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर मारा. ‘डॉट डेब’ फाइल (उबुंटूसाठीची इन्स्टॉल फाइल) बाहेरून घेतलीच, तर आपला प्रोसेसर आणि ती फाइल ३२ बिट की ६४ ते आधी बघा. इंटेलच्या ॲटम प्रोसेसरवरच्या सुरुवातीच्या नेटबुकांपैकी बरेच ३२ बिटचेच.