कोठडी चांगली असेलही, पण किती दिवसांची?

मे 2025मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने बेकायदा राहणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी जिल्हा पातळीवर स्थानबद्धता केंद्रे उभारण्यास राज्यांना सांगितले. तेव्हापासून रत्नागिरीकडच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना हा विषय वारंवार निघतो. चिरेखाणीवर किंवा मच्छीमार बोटीवर कामाला आलेला माणूस बांगलादेशी निघाला, तर त्याला पोसण्याचा खर्च आपण का करायचा, असे काही जण विचारतात. तोही माणूसच आहे, त्याला अंथरूण, पाणी आणि औषध मिळालेच पाहिजे, असे इतर काही जण म्हणतात. मी दुसऱ्या बाजूचा आहे. मात्र स्कॉटलंडमध्ये राहून हा प्रश्न जवळून पाहिल्यावर मला वाटते, की आपला सगळा वाद सोयींभोवतीच फिरतो आहे आणि माणसाला तिथे किती दिवस ठेवायचे, हे कोणीच विचारत नाही.

ग्लासगोच्या दक्षिणेला माळरानात डनगेव्हल नावाचे केंद्र आहे. मुळात ती सरदार घराण्याची शिकारीसाठी बांधलेली कोठी. पुढे तिथे तुरुंग झाला आणि 2001पासून परदेशी नागरिकांना अडकवून ठेवण्यासाठी ती वापरली जाते. हीथ्रो विमानतळाजवळच्या केंद्रांच्या मानाने ते फारच लहान आहे. आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलेले, व्हिसाची मुदत उलटलेले आणि शिक्षा भोगून झालेले परदेशी कैदी असे सगळे तिथे एकत्र असतात. 2010पर्यंत तिथे लहान मुलेही ठेवली जात. आज तिथे दवाखाना आहे, ग्रंथालय आहे, प्रार्थनेची सोय आहे. कॅमेरा असलेला फोन मात्र जवळ ठेवता येत नाही, आणि केंद्रात काम केले तर तासाला 1 पौंड मिळतो. एखाद्याचा पूर्वी छळ झाला असेल किंवा कोंडून ठेवल्याने त्याची प्रकृती ढासळत असेल, तर डॉक्टरने तसे लेखी कळवावे, असा नियमही आहे.

हे सारे असूनही ब्रिटनच्या कायद्यात एका गोष्टीची उणीव आहे. गर्भवती स्त्रिया आणि मुले असलेली कुटुंबे सोडली, तर कोणाला किती दिवस अडकवून ठेवायचे याला कायद्याने कमाल मर्यादाच नाही. युरोपीय संघाने आपल्या सदस्यदेशांसाठी ती 6 महिने, आणि अपवाद म्हणून 18 महिने ठरवली आहे. लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळच्या ब्रुक हाउस केंद्रातील गैरवर्तनाची जी सार्वजनिक चौकशी झाली, तिच्या सप्टेंबर 2023च्या अहवालात 28 दिवसांच्या मर्यादेची शिफारस होती. सरकारने ती स्वीकारली नाही. शिक्षा झालेला कैदी भिंतीवर दिवस खोडत सुटकेची वाट पाहू शकतो. इथल्या माणसाने कोणत्या तारखेपासून उलटे मोजायचे? शिवाय अलीकडच्या अनेक वर्षांत अशा केंद्रांतून बाहेर पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक मायदेशी धाडले गेलेच नाहीत. त्यांना जामिनावर ब्रिटनमध्येच सोडले गेले. मग त्यांना इतके दिवस डांबून काय साधले, हा प्रश्न उरतोच.

रत्नागिरीकरांना हे समजावण्यासाठी डनगेव्हलपर्यंत यायची गरज नाही. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाला इंग्रजांनी 1886मध्ये आपल्याच गावात आणून ठेवले. पुढे त्याला समुद्राकडे पाहणारा राजवाडा बांधून दिला. पेन्शन होते, नोकरचाकर होते. परतीची तारीख तेवढी कधीच मिळाली नाही, आणि 1916मध्ये तो तिथेच वारला. आपण पर्यटकांना तो राजवाडा कौतुकाने दाखवतो. स्थानबद्धतेत सोयी किती पुरतात आणि काय पुरत नाही, याचा एवढा ठळक दाखला दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात असेल असे मला वाटत नाही.

हा प्रश्न केवळ परक्यांचा आहे, असेही कोणी समजू नये. खेड, दापोली, चिपळूणच्या कितीतरी घरांतली माणसे आखातात आहेत. कफीलाशी, म्हणजे व्हिसा पुरस्कृत करणाऱ्या मालकाशी, बिनसले, पासपोर्ट अडकला, व्हिसा संपला, की तीही तिथल्या कायद्याने बेकायदा ठरतात, आणि 2024मध्ये कुवेतने दिली तशी माफीची मुदत जाहीर झाली म्हणजे इकडे घरोघर धावपळ उडते.

केंद्र सरकारने 2019मध्ये राज्यांना पाठवलेल्या नमुना नियमावलीत पलंग, शौचालये, पाणी, स्वयंपाकघर यांचा उल्लेख आहे, आणि ते आवश्यकच आहे. पण 4 फेब्रुवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, परदेशी ठरलेल्यांना परत न पाठवता नुसते डांबून ठेवणाऱ्या आसाम सरकारला, मुहूर्ताची वाट पाहत आहात का, असे विचारले, ते सोयी कमी होत्या म्हणून नव्हे. तेव्हा आपल्या जिल्ह्यात असे केंद्र होणारच असेल, तर लोकप्रतिनिधींनी आणि वकिलांच्या संघटनेने जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पकडलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी त्याची भाषा जाणणारा दुभाषा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील, आणि ठरावीक मुदतीत न्यायाधीशासमोर फेरतपासणी. ज्याला कोणताच देश आपला म्हणत नाही, त्याचे काय करायचे, असा आक्षेप यावर हमखास येईल. त्यावरचा तोडगाही आपल्याकडेच आहे: आसाममध्ये दीर्घकाळ अडकलेल्यांना जामीनदार, खरा पत्ता आणि आठवड्यातून एकदा पोलीस ठाण्यात हजेरी या अटींवर सोडण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये दिली, तेव्हा त्यासाठी 3 वर्षे कोठडीत काढलेली असावी लागत, 2020मध्ये ती 2 वर्षांवर आली. रत्नागिरीत ती मुदत काही आठवड्यांची असावी, एवढीच माझी मागणी आहे.