'नको' कुठाय?

आईला स्मार्टफोन घेऊन दिला त्याला आता दीड वर्ष होईल. ती वाईला, मी सांगलीला. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल. पहिली पाच मिनिटं मालिकेची, पुढची पाच गुडघ्यांची, आणि उरलेला सगळा वेळ फोनच्या तक्रारींचा. मध्यंतरी एका रात्री म्हणाली, "अगं, हे विचारतंय नोटिफिकेशन चालू करायचे का. खाली दोन बटणं आहेत. एक 'चालू करा' आणि एक 'नंतर'. मला नकोयत. 'नको' कुठाय?"

मी सवयीने म्हटलं, "'नंतर' दाब."

"पण मला नंतरही नकोत."

आईने सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पुढे म्हणते कशी, "चूक की बरोबर ते लिहा असा प्रश्न घालायचा आणि उत्तराला दोन्हीकडे 'बरोबर'च छापायचं! आमच्या वेळी विस्तार अधिकाऱ्यांनी शाळेत येऊन झाडलं असतं."

हसून फोन ठेवला. पण ते डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा खाताखाता मी माझाच फोन तपासला. नकाशा म्हणतो, 'लोकेशन चालू करा' किंवा 'आता नाही'. फोटोवालं ॲप म्हणतं, 'बॅकअप घ्या' किंवा 'नंतर आठवण करा'. किराणावालं ॲप म्हणतं, 'सदस्य व्हा' किंवा 'नाही, मला बचत नको'. हे शेवटचं तर माझ्याच तोंडून वदवून घेणं झालं. मला बचत हवी आहे हो, तुमचं सदस्यत्व नकोय!

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. पाऊस नाही, आणि पाऊस नको. 'नाही' ही वस्तुस्थिती, 'नको' ही माझी मर्जी. पंगतीत वाढपी कितीही आग्रही असला, अगदी व्याह्यांकडचा असला, तरी ताटावर दोन्ही हात आडवे धरून 'नको' म्हटलं की जिलबी पुढच्या पानाकडे जाते. आग्रहाची सगळी गंमतच त्या आडव्या हातांवर उभी आहे. तुमची मान वळल्यावर ताटात जिलबी टाकून नंतर तिचे पैसे मागणारा वाढपी मी तरी अजून पाहिलेला नाही.

म्हणजे लग्नात पाहिलेला नाही. बँकेत रोज पाहते.

मी काउंटरवर बसते. (कुठल्या बँकेत ते विचारू नका, अजून आठ वर्षं नोकरी करायचीय.) महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घ्यायला ज्येष्ठांची रांग असते. पूर्वी पासबुक भरून मिळालं की माणसं शिल्लक बघायची आणि पिशवीत टाकून चालू पडायची. आता तिथंच उभं राहून एखाद्या ओळीवर बोट ठेवतात. "ताई, हे १९९ कसले?"

ओळ वाचायला घ्यावी तर 'यूपीआय', पुढे तिरपी रेघ, मग लांबलचक आकडा आणि शेवटी कंपनीचं रकान्यात न मावलेलं अर्धं इंग्रजी नाव. मलाच दोनदा वाचावं लागतं.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आहेत. ईपीएसची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाली पेन्शन, ती किती ते ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत. त्यांच्या पासबुकात अशा चार ओळी होत्या, चार महिन्यांच्या. विचारता विचारता निघालं की नातीच्या अभ्यासासाठी एक ॲप घेतलं होतं, सात दिवस एक रुपयात. नातीला आवडलं नाही, विषय संपला. "पण ताई, मी ते ॲप केव्हाच काढून टाकलं की!"

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. फोनवरून ॲप काढल्याने पैसे जायचे थांबत नाहीत. पैसे जातात मँडेटवर, म्हणजे खात्यातून दरवेळी आपोआप पैसे कापायच्या परवानगीवर (यालाच ऑटोपे म्हणतात), आणि ते मँडेट तुम्ही तो एक रुपया भरतानाच पिन टाकून दिलेलं असतं. पडद्यावर मोठ्या अक्षरात १ रुपया असतो. त्याच्या खाली, चष्मा लावूनही वाचायला त्रास होईल अशा अक्षरात, 'त्यानंतर दरमहा' वगैरे असतं. माणसाला वाटतं आपण रुपयासाठी पिन टाकला. खरं तर पुढच्या कित्येक महिन्यांची परवानगी त्या एका पिनमध्ये गेलेली असते, कारण १५,००० रुपयांपर्यंतच्या बहुतेक ऑटोपेला पुन्हा पिन विचारत नाहीत.

ऑटोपे ही सोय वाईट आहे असं मी म्हणत नाही. यूपीआयवर ती जुलै २०२० मध्ये आली, माझी स्वतःची म्युच्युअल फंडाची एसआयपी तशीच जाते आणि हप्ता चुकण्याची भीती नसते. रिझर्व्ह बँकेने नियमही घातलेत. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यायची, त्यात कोण कापणार, किती, कधी हे सांगायचं आणि नको असेल तर थांबवता आलं पाहिजे. सूचना येतेही. इंग्रजीत येते. 'अभिनंदन, आपले कर्ज मंजूर' आणि 'केवायसी आजच करा' यांच्या मधोमध येते. काकांच्या फोनमध्ये न वाचलेले अकराशे मेसेज होते.

त्यांच्याच फोनवर, त्यांच्यासमोर, पैसे पाठवायचं ॲप उघडलं. प्रोफाइलमध्ये गेलो, तिथे 'ऑटोपे' सापडलं, त्यात ते नाव होतं. रद्द केलं, काकांनी पिन टाकला, संपलं. दोन मिनिटं लागली. काका बघतच राहिले. मग म्हणाले, "एवढंच होतं? चौतीस वर्षं नोकरी केली ताई, तिकीट हातात दिल्याशिवाय कुणाकडून आठ आणे घेतले नाहीत."

यावर मी काय बोलणार! मागे रांग होती.

(तुमच्या आई-वडिलांचा फोन आज रात्री घ्या आणि हे एवढं बघा. 'ऑटोपे' किंवा 'मँडेट', या दोनपैकी एका नावाने ते असतं. पोस्ट पुढे नाही वाचली तरी चालेल.)

आईचाही असाच एक किस्सा झाला. भजनांचं एक ॲप तिने घेतलं होतं, ते बंद करायला निघाली. पडद्यावर प्रश्न आला, 'सदस्यत्व रद्द करायचे आहे का?' खाली दोन बटणं, एक 'रद्द करा' आणि दुसरं 'पुढे चला'. आईने अर्थातच 'रद्द करा' दाबलं आणि निर्धास्त झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे गेले. मी घरी गेले तेव्हा नीट बघितलं. 'रद्द करा' म्हणजे हा रद्द करण्याचा बेत रद्द करा. सदस्यत्व घालवायचं असेल तर 'पुढे चला' दाबायचं. आईला म्हटलं, तू मराठी शिकवलंस ना, सांग आता यातलं कर्म कुठलं. ती म्हणाली, "हे कर्म नाही, भोग आहे."

भाषांतराचा गोंधळ असेल, मान्य. इंग्रजीतल्या 'कॅन्सल'चा घोळ कुणीतरी न बघता मराठीत उतरवला असेल. पण अशा गोंधळात पैसे चुकून परत आल्याचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल तर जरूर सांगा. माझ्या काउंटरवर अजून एकही आलेलं नाही. चूक दरवेळी एकाच बाजूला झुकते.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये अमेझॉनवर खटला भरला, तो याच कारणासाठी. प्राइम हे त्यांचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व घेणं एक-दोन क्लिकचं काम. सोडायचं असेल तर चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय. हे आकडे आयोगाच्या तक्रारीतले आहेत. मला त्यातला सगळ्यात लागलेला तपशील वेगळाच आहे. या सोडण्याच्या वाटेला कंपनीच्या आत एक नाव होतं, 'इलियड'. ट्रॉयच्या न संपणाऱ्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य. म्हणजे कुणीतरी मीटिंगमध्ये बसून, चहा पीत, हे नाव सुचवलं असणार आणि बाकीचे हसले असणार. आपल्याकडे असतं तर 'महाभारत' ठेवलं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत करण्यासाठी. चूक मात्र मान्य केली नाही.

माझा भाचा हिंजवडीत असतो, अशाच एका कंपनीत. दिवाळीत आला तेव्हा मी त्याला धरलं.

"मावशी, आम्ही मुद्दाम नाही गं काही करत. अर्ध्या लोकांना एक बटण दाखवतो, अर्ध्यांना दुसरं. ज्यात जास्त लोक थांबतात ते ठेवतो."

"म्हणजे ज्यात जास्त लोक फसतात ते."

"तसं कुणी म्हणत नाही."

"मग काय म्हणतात?"

"रिटेन्शन."

मुलगा गुणी आहे. आजीच्या फोनमधला सगळा कचरा त्यानेच बसून साफ केला. ऑफिसात तो कचरा कसा पसरायचा याचे आकडे बघतो आणि घरी येऊन झाडतो. त्याला यात काही खटकत नाही असं नाही, पण घराचा हप्ता चालू आहे. मी तरी कुठल्या तोंडाने बोलू, ते खाली येतंच आहे.

बरं, बटण नसेल तर निदान कोपऱ्यातली फुली तरी आपली होती. ती दाबली की खिडकी बंद, हे आम्ही १९९८ च्या एमएस-सीआयटीपूर्व काळातल्या लोकांनीसुद्धा पहिल्याच तासाला शिकलेलं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीही सोडली नाही. विंडोज १० घ्या म्हणून खिडकी यायची. त्या वर्षीच्या मे महिन्यात लोकांच्या लक्षात आलं की लाल फुली दाबून ती बंद केली तरी ठरलेल्या वेळी विंडोज १० बसवायला आपली हरकत नाही असं धरलं जातंय. फुली म्हणजे होकार! फार बोंब झाली, आणि आपण मर्यादा ओलांडली होती हे कंपनीच्याच एका बड्या अधिकाऱ्याने वर्षअखेरीस कबूल केलं.

व्हॉट्सॲपचं २०२१ आठवत असेल. २०१६ मध्ये आपली माहिती फेसबुकला देण्याला 'नको' म्हणायला जुन्या वापरकर्त्यांना मुदत तरी दिली होती. २०२१ मध्ये थेट 'मान्य करा', नाहीतर तुमचं तुम्ही बघा. स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याबद्दल व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३.१४ कोटींचा दंड केला आणि प्रकरण अपिलात गेलं. आपण सगळ्यांनी तेव्हा 'मान्य' दाबलं होतं. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, दूधवाला, सगळे तिथंच. जाणार कुठे?

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. या प्रकाराला 'डार्क पॅटर्न' हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश माणसाने २०१० मध्ये दिलं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढून असे तेरा प्रकार नावानिशी प्रतिबंधित केले. न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी टाकणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, सोडताना लाजवणं, 'शेवटचे दोनच उरलेत' म्हणून घाई करणं, सारखंसारखं डोकं खाणं. यादी वाचताना मला माझाच फोन दिसत होता. लाजवण्याच्या उदाहरणात विमानाच्या तिकिटाबरोबर विमा न घेणाऱ्याला 'मी असुरक्षित राहीन' असं निवडायला लावणं दिलंय. ज्याने हे उदाहरण घातलं तो अधिकारी स्वतः कधीतरी रात्री अकराला तिकीट काढत बसलेला असणार.

पुढे जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा. हे आईला सांगितलं. म्हणाली, "मीही पोरांना वह्या तपासायला द्यायचे. पण शेजारच्याची."

तक्रार करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. काकांना लिहून दिलाय.

आणि आता स्वतःबद्दल. आमच्या बँकेचंही ॲप आहे. शिल्लक बघायला उघडलं की आधी पूर्वमंजूर कर्जाची पाटी येते. 'आत्ताच घ्या' आणि 'नंतर आठवण करा'. गेल्या महिन्याच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, साहेब, यात तिसरं बटण घालता येईल का, 'नको' म्हणून? साहेबांनी वहीत लिहून घेतलं. त्याच मीटिंगच्या शेवटी शाखेचं कर्जाचं टार्गेट वाचून दाखवलं, त्यात माझ्या नावापुढचा आकडा सगळ्यात लहान होता. मग मी पुढे काही बोलले नाही.

आई मात्र हरलेली नाही. ती रोज 'नंतर' दाबते, आणि दाबताना मोठ्याने 'नको' म्हणते. म्हणजे निदान फोनच्या कानावर तरी जाईल, असं तिचं म्हणणं. काल रात्री बोलता बोलता मी तिला चार दिवस सांगलीला ये म्हणत होते, तर मध्येच ओरडली, "नको म्हटलं ना एकदा!" मी गप्पच झाले.

"तुला नाही गं," म्हणाली. "पुन्हा आलंय ते वरती. तू बोल. शुक्रवारची बस बघू का?"