ओसीच्या आधी टेप लावा

रविवारी सकाळी ठाण्यातल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर विषय निघाला तो महेशच्या नव्या घराचा. नौपाड्यातली जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झालाय, चाव्याही मिळाल्या. महेश लहानपणच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर. लिफ्ट मोठी, झकास. पण लिफ्टपर्यंत चार पायऱ्या.

"रॅम्प दिलाय ना बाजूला?" प्रशांत म्हणाला. तो साइटवरचा माणूस.

"दिलाय. पायऱ्यांची उंची 2 फूट, रॅम्प 8 फुटांचा. 1:12 उतार, म्हणजे 1 फूट चढायला 12 फूट लांबी, धरला तर 24 फूट हवा होता. वर गुळगुळीत ग्रॅनाइट. परवा ढकलताना हिचा पाय सटकला. मी दोन्ही चाकं गच्च धरून बसलो, हाताची सालं निघाली."

"24 फूट म्हणजे पार्किंग जातं रे. आणि ही खासगी बिल्डिंग, सरकारी ऑफिस नाही."

इथे सुजाता उसळली. ती वकिली करते. "2016 चा दिव्यांग हक्क कायदा काढ. कलम 44. सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर आस्थापनेचा प्लॅन पास करायचा नाही, पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. आणि आस्थापनेत कंपनी येते, फर्म येते, सहकारी सोसायटीसुद्धा येते."

"मग ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला, मिळाली कशी?"

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "कायदा सक्तीचा, पण त्याखालचे 2017 चे नियम मार्गदर्शक सूचनांसारखे. 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच धरलं, त्यातला सुगम्यतेचा नियम 15(1) रद्द केला आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितले."

"आणि दंड?"

"पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत."

प्रशांतलाही ते पटेना. एवढे पैसे तर साइटवर किरकोळीत जातात. मला वाटतं, बिल्डरला दंडाची भीती नाही, ओसी अडण्याची आहे. नळजोडणी, ताबा, सगळं तिथे अडकतं. ओसी देणाऱ्याने जाग्यावर येऊन टेप लावली पाहिजे, कागदावरचा रॅम्प बघून सही करू नये.

प्रशांत म्हणाला, स्टिल्टमधून, म्हणजे खालच्या पार्किंगमधून, वळसा घालून रॅम्प बसेल, उद्या बघायला येतो. सुजाता पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे महेशच्या नावाने तक्रार लिहायला निघाली, तर महेशच अडून बसला.

"माझ्या नावाने नको. ती माझी एकट्याची अडचण होईल. आठव्या मजल्यावरच्या काकू वॉकर घेऊन त्याच पायऱ्या चढतात. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ दे."

"कमिटी सही करणार नाही," प्रशांत म्हणाला, आणि वाद पुन्हा पेटला.