वाडा राखायचा, पण खर्च कुणी करायचा?

शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या कागदांवर सह्या करायची वेळ आली आहे. बिल्डर ठरला, भाडेकरूही तयार झाले. मी फ्रँकफर्टहून फोन करून म्हणाले, “पाडू नका ना.” वहिनी शांतपणे म्हणाली, “अगं, पावसाळ्यात माडीवर चार बादल्या मी लावते. तू दोन वर्षांनी आठ दिवस येतेस.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे कॅथेड्रलपासून रोमर चौकापर्यंत जे ‘जुनं गाव’ पर्यटकांना दाखवतात, ते २०१८ साली पुरं झालं. खरं गाव मार्च १९४४च्या बाँबहल्ल्यात जळालं. पुढे तिथे काँक्रीटची सरकारी कचेरी आली. ती पाडून ३५ घरं उभारली, त्यांतली १५ गेलेल्या घरांसारखी हुबेहूब. कोट्यवधी युरो ओतून. पहिल्यांदा त्या गल्लीतून चालले तेव्हा मला आमची ओसरी आठवली, आणि वाटलं, आपली तर अजून उभी आहे!

जर्मन माणसाला जुन्याची ओढ आपल्याहून जास्त आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. ड्रेस्डेनकरांनी सार्वमत घेऊन एल्बेवर नवा पूल निवडला आणि २००९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा गमावला. पण संरक्षित घरात स्वतः राहणाऱ्या मालकाने आधी परवानगी घेऊन दुरुस्ती केली, तर त्या खर्चाचा ९० टक्के भाग दहा वर्षांत करपात्र उत्पन्नातून वजा होतो. घर त्याचं, पण झीज सगळ्यांनी थोडी थोडी वाटून घ्यायची.

आपण काय केलं? १९४७च्या कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. नवा कायदा २००० साली लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. मुळात भाडं काही रुपये, त्यावर चार टक्के! त्यात कडीपाटाची एक सडलेली तुळईसुद्धा बदलता येत नाही. १८०७ सालचा विश्रामबागवाडा टिकला, कारण तो सार्वजनिक मालकीत आला. पेठांमधल्या खाजगी वाड्यांच्या वाट्याला टेकू आले आणि ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस. पुढे बहुतेकांना सुटकेची वाट एकच दिसते, वाढीव एफएसआय, नव्याने बांधताना मिळणारं जादा बांधकाम. म्हणजे पाडलं तरच पैसा.

पुण्यातला वारसा वाचवा म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी आधी हे मागायला हवं: दुरुस्तीच्या खर्चावर करसवलत, जपलेल्या वाड्याला मालमत्ता कर माफ, आणि भाडेकरूला घरातच नीट संडास-बाथरूम. ते मिळत नाही तोवर वहिनीला ‘थांब’ म्हणायचा मला हक्क नाही.

मी सही करून पाठवते आहे. पण भाच्याला सांगितलंय, पाडायच्या आधी दिंडी दरवाजापासून माडीपर्यंत सगळी मापं घे, प्रत्येक खांबाचे फोटो काढ. फ्रँकफर्टची ती १५ घरं जुन्या फोटोंवरून आणि आराखड्यांवरूनच पुन्हा उभी राहिली. कागदावर तरी आमचा चौक शाबूत राहू दे.