मावशी कुठे उभी राहते?

"आता डॉक्टरनं नाडी धरायची म्हटली तरी पंचनामा करायचा का?" आप्पांनी पेपर मुडपून कट्ट्यावर आपटला.

बातमी सगळ्यांनी वाचलेली होती. डॉक्टर, लोटलेलं दार, आत बाई एकटी. पुढचं सांगायला नको. खाली पेपरवाल्यानं चौकट टाकली होती की पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर आत दुसरी बाई हजर हवी. आप्पांचा राग बातमीवर नव्हताच, चौकटीवर होता.

आप्पा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. जन्मभर नोटा छापल्यामुळे स्वतःच्या खिशातली बाहेर काढायची सवयच राहिली नाही, असं पक्या म्हणतो. अशोकस्तंभाच्या अलीकडचा हा आमचा कट्टा, शेजारी टपरी, आणि सिंहस्थाच्या नावानं समोरची गल्ली खोदलेली. चहात साखर कमी पडली तरी चालते, माती वरून पडतेच.

"आमच्या वेळी फॅमिली डॉक्टर घरी यायचे," आप्पा सुरू झाले. "बायका पदर सावरून जीभ दाखवायच्या. औषध मिळायचं. कधी कुणाची तक्रार ऐकली नाही."

"तक्रार नव्हती, की ऐकणारं कोणी नव्हतं?" सुलूताईंनी विचारलं.

सुलूताई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या रिटायर्ड इन्चार्ज सिस्टर. सुरगाणा, हरसूल करत करत शेवटी नाशकात आल्या. संध्याकाळी भाजी घेऊन परतताना टपरीच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात. त्या बोलत असताना मधे कोणी आवाज चढवत नाही, आप्पा सोडून. मी सुलूताईंच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी पक्षपाताची तक्रार करायला नको.

"आमच्या वेळी, आमच्या वेळी काय लावलंय," वकील मिलिंद म्हणाला. "त्याच्याही आधी बायका डॉक्टरकडे जायच्याच नाहीत. घरात कुढत मरायच्या. आनंदीबाई जोशींनी १८८३ साली श्रीरामपूरला भर सभेत हेच सांगितलं ना, की इथे बाई डॉक्टर पाहिजे म्हणून मी अमेरिकेला चाललेय."

"श्रीरामपूर? आमची मेव्हणी तिथेच दिलीय."

"बंगालातलं, आप्पा."

"मग तसं सांगावं ना माणसानं."

डॉक्टर इतका वेळ गप्प होता. आमचा डॉक्टर पंचवटीतला, शाळेपासूनचा मित्र. दहावीला मराठीत काठावर पास, हे पक्या त्याला दर दिवाळीला आठवण करून देतो. त्याचं अक्षर बघता पेपर तपासणाऱ्यानं दया दाखवली असणार. तो म्हणाला, "तुम्हाला माहितीय का, स्टेथोस्कोप संकोचातूनच निघालाय. १८१६, पॅरिस. लेनेक नावाच्या डॉक्टरपुढे एक तरुण बाई आली. तेव्हा छातीला थेट कान लावायची पद्धत. याला ते प्रशस्त वाटेना, म्हणून कागदाची सुरळी करून लावली, तर ठोके जास्तच स्पष्ट ऐकू आले."

"बघा!" आप्पा टाळी देऊन म्हणाले. "नळी आली, प्रश्न मिटला."

"नळी आली, हात तिथेच राहिले," सुलूताई म्हणाल्या.

पक्यानं चहा फुर्रकन उडवला.

"ताई, तुमचं ठीक आहे," डॉक्टर जरा चिडूनच म्हणाला. "तुम्ही मोठ्या दवाखान्यात होता. हाक मारली की वॉर्डातली मदतनीस मावशी हजर. माझा दीड गाळ्याचा दवाखाना. बाहेर बाकडं, आत टेबल आणि तपासायची कॉट, मधे पडदा. एक पोरगा आहे, तोच केसपेपर काढतो, तोच पुड्या बांधतो, तोच झाडतो. त्याला आत बोलावलं तर बाई आणखी आक्रसते. बाई ठेवायची तर महिन्याला आठ-दहा हजार. फी दीडशे, त्यात निम्मे ओळखीचे."

"निम्म्यात मी," पक्या म्हणाला.

"तू तर पूर्ण बुडीत खातं."

"मग बाई एकटी आली तर काय करतोस?" सुलूताईंनी धागा सोडला नाही.

"दार उघडं ठेवतो. पडदा ओढतो. बरोबर कोणी असेल तर तिला आत घेतो. अगदीच कोणी नसेल तर बाकड्यावरच्या दुसऱ्या पेशंट बाईला म्हणतो, काकू जरा आत थांबता का."

"म्हणजे रात्रीपर्यंत अख्ख्या पंचवटीला कळलं, हिला काय झालंय ते."

"मग काय करू?"

"खरं सांग. काय करतोस?"

डॉक्टरनं ग्लास खाली ठेवला. "तपासायचं टाळतो. छातीत गाठ लागते म्हणाली, तर हात न लावता सोनोग्राफी लिहितो, नाहीतर लेडी डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी देतो. त्यातल्या किती जणी पुढे जातात, देव जाणे. उद्या कोणी उलटी तक्रार केली तर माझ्या बाजूनं बोलायला कोण आहे? तो बारावी नापास पोरगा?"

यावर कुणी लगेच बोललं नाही. आप्पासुद्धा. सुलूताई म्हणाल्या, "म्हणूनच मावशी तुझ्यासाठीही असते रे. तुला वाटतं ती तुझ्यावर पहारा करायला ठेवतात."

"आणि कायदा काय म्हणतो?" चिन्मयनं विचारलं. चिन्मय आमच्यातला सगळ्यात लहान, आयटीतला, घरून काम करतो म्हणजे चार वाजल्यापासून कट्ट्यावर असतो.

मिलिंदला एवढंच हवं होतं. त्यानं बोटं मोजायला घेतली. अटक झालेल्या बाईची वैद्यकीय तपासणी बाई डॉक्टरनंच करायची किंवा तिच्या देखरेखीखाली. हे जुन्या फौजदारी संहितेत होतं, नव्यातही आहे. २०१२ च्या पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, अत्याचार झालेल्या मुलीला बाई डॉक्टरनंच तपासायचं, तेही आईबापासमोर किंवा त्या मुलीचा ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्यासमोर. असं कोणी नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानं नेमलेली बाई तिथे पाहिजे.

"म्हणजे कोठडीतल्या बाईची कायद्याला काळजी आहे," सुलूताई म्हणाल्या, "ओपीडीच्या रांगेतलीची नाही."

"आहे की. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची २०१८ ची रुग्णहक्कांची सनद बघा. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर दुसरी बाई हजर असणं हा रुग्ण बाईचा हक्क, आणि ती बाई उभी करणं ही दवाखान्याची जबाबदारी, असं स्पष्ट लिहिलंय. २०२१ ला आपल्या राज्यानं नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली. दर्शनी भागात लावायची असते."

"लावलेली असते," पक्या म्हणाला. "कुंडीच्या मागे."

"मग याला का नाही पकडत?" आप्पांनी डॉक्टरकडे बोट केलं.

"याच्याकडे पेशंट भरती होत नाही. नर्सिंग होमचा कायदा नर्सिंग होमला. ज्याचा नुसता गाळा आणि पडदा आहे, तो त्यात बसत नाही."

"वा! आरोग्य विद्यापीठ आमच्या म्हसरूळला," आप्पा म्हणाले, "आणि नियम म्हसरूळपासून पंचवटीत पोचत नाही."

आप्पांचं हे वाक्य चांगलं होतं, कबूल करायला हवं. पण ते स्वतःच त्यावर इतका वेळ हसले की त्यातली मजा गेली. मग म्हणाले, "अहो, पण एवढा बाऊ कशाला? बाईनं एकटं जायचंच नाही. नवरा, सासू, आई, कोणीतरी बरोबर असतंच. ती उभी राहील. फुकट. सासूपेक्षा कडक पहारा कोणाचा?"

सुलूताईंनी भाजीची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. म्हणजे आता ऐकायचं.

"हरसूलला असताना एक पोरगी यायची. विशीतली. अंगावरून जातंय म्हणून. बरोबर सासू. डॉक्टर पोरीला विचारणार, उत्तर सासू देणार. पाळी कधी आली? सासू. दुखतं का? सासू. आधी कधी पोट राहिलं होतं? सासू म्हणे, नाही नाही. पोरगी भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या तक्त्याकडे बघत बसलेली. मी सासूला म्हटलं, आजी, केसपेपरवर शिक्का राहिलाय, तेवढा खिडकीवरून आणा. खिडकीला ही रांग. सासू बाहेर गेली आणि पोरगी बोलायला लागली. शिक्का मिळेपर्यंत सगळं बोलून झालं. घरात काय चालतं, पाठीवर कशाचे वळ आहेत, सगळं. मी तिथेच होते ना? पण मी तिच्या घरी जेवायला येणार नव्हते. हा फरक आहे, आप्पा. सासू पहारा देते, पण कोणावर?"

आप्पा म्हणाले, "सगळ्या सासवा तशा नसतात." ते त्यांच्या मंडळींच्या बाजूनं बोलत होते की स्वतःच्या सासूच्या, ते कळलं नाही. पक्यानं विचारलंही. उत्तर आलं नाही.

"मग मावशीनं नेमकं करायचं काय?" चिन्मय म्हणाला. "नुसतं उभं राहायचं?"

"नुसतं उभं राहायचंसुद्धा कुठे, ते माहीत पाहिजे. पक्या, आडवा हो."

"कुठे?"

"कट्ट्यावर. हो आडवा."

पक्या झाला. त्याला कारणच लागत नाही. सुलूताईंनी मिलिंदच्या खांद्यावरचा नॅपकिन ओढून त्याच्या पोटावर पसरला. "डॉक्टर, तू उजवीकडे. तुम्हाला शिकवतातच उजवीकडून तपासायला. चिन्मय, तू मावशी. समोरच्या अंगाला ये, डाव्या बाजूला, डोक्याजवळ. तिथून दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत, डॉक्टरचे हात आणि पेशंटचं तोंड. दिसतंय?"

"दिसतंय. दाढी वाढलीय."

"मोबाईल खिशात! आता डॉक्टर, हात लावायच्या आधी काय?"

"सांगायचं. आता पोटावर हात ठेवतोय, जरा दाबणार आहे, दुखलं तर सांगा."

"आणि जेवढं बघायचंय तेवढंच उघडं, बाकी चादरीखाली. हा नॅपकिन छातीवरून खाली, पोटावरून वर, असा. पेशंटनं तोंड वाकडं केलं की मावशीनं म्हणायचं, साहेब, थांबा जरा. हे म्हणता आलं पाहिजे. साहेबाला थांबा म्हणणारी मावशी मी तीस वर्षांत फार थोड्या पाहिल्या. बाकीच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या. शेवटी केसपेपरवर लिहायचं की तपासणीच्या वेळी अमुक हजर होती, आणि सही. आणि पेशंट म्हणाली की मला ही बाई नको, माझ्याच गल्लीतली आहे, तर तिला बदलायचं. तिचं नको म्हणणं कुणाला अपमान वाटता कामा नये."

एवढ्यात आप्पा पुढे झाले, नीट दिसावं म्हणून. बरोबर चिन्मय आणि पक्याच्या मधे येऊन उभे राहिले.

"आता दिसतंय का?" सुलूताईंनी चिन्मयला विचारलं.

"आप्पांचा बुशशर्ट दिसतोय."

"तो अमेरिकेतला जिम्नॅस्टिक्सच्या पोरींचा डॉक्टर, नासर. काही वेळा पोरींच्या आया त्याच खोलीत बसलेल्या असायच्या. हा आईकडे पाठ करून असाच मधे उभा राहायचा. आईला वाटायचं, उपचार चाललेत."

हे चिन्मयला माहीत होतं. त्यानं पुढचं सांगितलं. २०१८ च्या जानेवारीत शिक्षा झाली, चाळीस ते एकशे पंच्याहत्तर वर्षं. दीडशेहून जास्त बायका-मुली कोर्टात उभं राहून बोलल्या.

आप्पा मुकाट्यानं बाजूला झाले. दोन मिनिटं कोणी त्यांची टिंगल केली नाही. मग त्यांनीच विषय बदलला, तपोवनातल्या झाडांवर गेले. त्यावरून त्यांचं आणि चिन्मयचं जुनं वाकडं आहे. साधूंना जागा पाहिजे की झाडांना, हे दोघं गेल्या हिवाळ्यापासून भांडताहेत आणि दोघांच्याही घरात तुळशीपलीकडे रोप नाही. ते सगळं इथे लिहीत नाही.

पक्या अजून आडवाच होता. तिथूनच म्हणाला, "काय भो, आणि बाप्यांचं काय? आम्हाला लाज नसते का?"

"असते की," डॉक्टर म्हणाला. "हर्निया, हायड्रोसील, प्रोस्टेट. माझ्याकडे येऊन कंबरदुखी सांगतात. शेवटी जाताना दारात उभं राहून खरं काय ते बोलतात."

"बाप्याला कसली लाज!" आप्पा म्हणाले. "मर्द माणूस. डॉक्टर म्हणाला काढ की काढलं."

पक्या उठून बसला. त्याच्या तोंडावरचं हसू बघूनच आप्पांनी चपला शोधायला घेतल्या.

"सांगू का, आप्पा? ईसीजीचं?"

"काही गरज नाही."

"मीच घेऊन गेलो होतो यांना. आत टेक्निशियन एक पोरगी. म्हणाली, आजोबा, शर्ट-बनियन काढा आणि झोपा. हे गुंडीला हात लावीनात. पंधरा मिनिटं! बाहेर रांग खोळंबली. मला म्हणाले, त्या पोरीला सांग, पुरुष टेक्निशियन असेल तर पाठव."

"तिचे हात गार होते," आप्पा म्हणाले.

"हात लावायच्या आधीच कळलं तुम्हाला?" सुलूताई म्हणाल्या.

"पुरुष कोणी नाही म्हटल्यावर," पक्या हसत हसत पुढे म्हणाला, "हे म्हणतात, मग निदान एखादी वयस्कर सिस्टर तरी आत उभी करा!"

मिलिंदनं वकिलीतला आवाज काढला. "म्हणजे प्रतिवादीनं तपासणीच्या वेळी तिसरी व्यक्ती हजर असावी, अशी स्वतःहून मागणी केली होती तर."

"ते वेगळं होतं," आप्पा म्हणाले.

"आणि मग? आली का सिस्टर?" डॉक्टरला राहवेना.

"आली ना. हिच्यापेक्षा लहान!"

पक्या हसून हसून पुन्हा कट्ट्यावर आडवा पडला, पोटावर मिलिंदचा नॅपकिन तसाच. भोवती आम्ही सहा जण वाकलेले. रस्त्यानं जाणाऱ्या एका स्कूटरवाल्यानं करकचून ब्रेक लावला.

"काय झालं हो? चक्कर आली का? एकशे आठला फोन लावू?"

"लावा," पक्या पडल्या पडल्या ओरडला, "पण म्हणावं, सिस्टर बरोबर पाठवा. आमचे आप्पा त्याशिवाय शर्ट काढत नाहीत!"