साइटवर पाय न ठेवता थिसिस

आर्किटेक्चरच्या दहाव्या सेमिस्टरला थिसिसचा विषय दांडगाच घ्यावा. मोंढ्यातल्या हमालांसाठी विसाव्याची जागा असलं किरकोळ काही नको. छोटा प्रश्न घेतला की तो सोडवावा लागतो. पन्नास हजार चौरस मीटरचं ‘आंतरराष्ट्रीय’ काहीतरी घ्या, तेवढं एका सेमिस्टरमध्ये तपासायला गाईडलाही वेळ नसतो. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप संग्रहालय हा तर हुकमी विषय.

साइट गूगल अर्थवर बघा. सातबारा, मोजणीचा नकाशा या भानगडीत कशाला पडता? प्रत्यक्ष गेलात तर काळी माती बुटाला चिकटणार. मग पावसात फुगून उन्हाळ्यात आकसणाऱ्या या जमिनीत पाया कसा घ्यायचा, अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले जमिनीतले खोल खांब, लागतील का, असले विचार डोक्यात येणार. भेगांचा फोटो मात्र जरूर लावा. त्यावरून प्लॅनवर एक वाकडी रेघ ओढली की कन्सेप्ट तयार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात माणसं गाडली गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्याखाली. हे शीटवर आणू नका. आणलंत तर कुणीतरी तुमच्या खांबाविना पुढे आलेल्या बारा मीटरच्या कॅन्टिलिव्हरकडे वळून बघेल.

जिन्याला चार मीटर लांबीची खोली पुरे. मजल्याची उंची ३.६ मीटर, पायरी १५० मिलिमीटर, म्हणजे चोवीस चढ. मध्ये वळण घेऊन दोन फ्लाइट केल्या तरी एकेकीत ३०० मिलिमीटरच्या अकरा पायऱ्या, म्हणजे ३.३ मीटर, आणि दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचं लँडिंग. बेरीज ६.३ होते. म्हणून बेरीज करूच नये. रॅम्पचंही तसंच: ९०० मिलिमीटरच्या जोत्याला १:१२ च्या चढाने लँडिंग सोडून १०.८ मीटर लागतो. तुम्ही तीन मीटरचा काढा आणि शेजारी व्हीलचेअरवरचा हसरा माणूस पेस्ट करा.

सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, अशा जागी कापा की त्यात जिना, टॉयलेट, बीम यातलं काहीच येणार नाही. झाडं भरपूर घाला.

पश्चिमेला अख्खी काच. मराठवाड्यातला मे महिना संगणकावरच्या रेंडर चित्रात दिसत नाही, तिथे कायम संध्याकाळ असते.

मॉडेल १:२०० चं असेल आणि कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, अर्ध्या मीटरवर असतील, तर एक थर अडीच मिलिमीटरचा हवा. दुकानात तीन मिलिमीटरचा सनबोर्ड मिळतो. तोच लावा, पाच मीटरचा उतार सहा मीटरचा होईल, एवढंच. थर्माकोलच्या टेकडीवर स्प्रे पेंट ज्युनिअरला मारायला सांगा, म्हणजे टेकडी विरघळल्यावर ओरडायला माणूस हाताशी असतो.

प्लॉटिंग, म्हणजे शीटची छपाई, आदल्या रात्री, सगळा वर्ग रांगेत असताना. ड्रॉइंगला जोडलेल्या एक्सरेफच्या फाइली घरीच ठेवा आणि पीडीएफ ‘फिट टू पेज’ने काढा. स्केल बदलतं, पण शीटवर १:२०० लिहिलेलं असतंच की.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर, एखादे सर विचारतील, “पाणी कुठून आणणार?” २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, पण तुमच्या प्लॅनमध्ये तीन रिफ्लेक्टिंग पूल आहेत. शांतपणे “बोअर आहे सर” म्हणा. बोअर कुठंय असं विचारलं, तर सर्व्हिसेसची शीट प्लॉटरवाल्याकडे राहिली.