वारली चित्रं आणि दरवर्षी फिरणारी पोस्ट

दर ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या शुभेच्छांसोबत ही पोस्ट फिरते: 'वारली कला तीन हजार वर्षांपासून जशीच्या तशी आहे. आदिवासी स्त्री-पुरुष फावल्या वेळात भिंती सजवतात. ती सगळ्यांची आहे, कुणीही वापरावी.' पहिली दोन वाक्यं चुकीची, तिसरं अर्धवट.

आधी 'फावल्या वेळा'चं बघू. डहाणू-तलासरीकडे भिंतीवर पांढरा चौक, म्हणजे चौकोनी लग्नचित्र, उमटतो तो घरात लग्न निघालं म्हणून. गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, ठेचलेल्या बांबूच्या काडीने तो काढायचा मान सवाशिणींचा. पुरुषांचं ते काम नव्हतंच. मधोमध पालघट, वारल्यांची लग्नाची नि सुफलतेची देवी. लग्न लावायला भटजी नाही, धवलेरी. बाईच, गाणी म्हणत विधी करणारी. याला सजावट म्हणायचं तर देवघरातल्या टाकांना शोपीस म्हणायला काय हरकत आहे?

आता तीन हजार वर्षं. कुडाच्या भिंतीवरचं तांदळाचं पीठ किती पावसाळे टिकणार? इतकं जुनं वारली चित्र कुणाकडेच नाही. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या खडकांवर हजारो वर्षांपूर्वीची अशीच काडीची माणसं आहेत, खरं. पण नुसत्या साम्यावरून वंशावळ जोडायची, तर बालवाडीतल्या पाट्याही त्याच घराण्यातल्या निघतील.

आणि 'जशीच्या तशी'? १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकलेच्या सरकारी कामासाठी या पाड्यांवर फिरले, कागद घेऊन. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नाची वाट न बघता रोज चित्रं काढू लागले. काढणारा पुरुष, भिंतीच्या जागी कागद नि कापड, चौकाच्या जागी कागदभर पसरलेलं मासेमारीचं जाळं. म्हसेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. एका माणसाच्या हयातीत एवढं बदललं!

राहिलं 'सगळ्यांची'. २०१४ पासून वारली चित्रांना भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) आहे. ते चित्रांतल्या त्रिकोणी माणसांच्या आकाराला नाही, 'वारली' या नावाला आहे. तुम्ही गच्चीच्या भिंतीवर त्रिकोणी माणसं खुशाल काढा. पाड्यावरच्या कुणाचा हात न लागलेल्या चादरी 'अस्सल वारली' म्हणून विकणं वेगळं.

ओळखीच्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या टाइल्सवर चौक बघितला, मधे पालघटसुद्धा. ती कोण ते सांगितलं. म्हणाले, "डिझाइन आहे हो नुसतं."